सल्लागार गेल्यावरही टिकेल असा बदल कसा घडवायचा

काम आटोपून संस्थेतून बाहेर पडायचा दिवस नेहमीच छान असतो. फलक भरलेले, माल जागच्या जागी, सगळे खुशीत. त्या दिवसावरून आपलं काम कसं झालं हे ठरवू नका. मी ते सहा महिन्यांनी ठरवते, आणि तेही महिनाअखेरीला. ऑर्डरी तुंबल्यात, दोन माणसं रजेवर आहेत, मालकांचा फोन सारखा वाजतोय. अशा दिवशी माणसं ज्या रीतीने काम करतात, ती त्यांची खरी रीत.

हे मला एका फलकाने शिकवलं. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात माझं पहिलं मोठं काम होतं. तिथे तीन महिने राहून मी रोजच्या उत्पादनाचा फलक बसवला होता: तासाला किती नग ठरले, किती झाले, कमी पडले तर का. मी निघाले तेव्हा तो नेमाने भरला जात होता. आठ महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हाही फलक पूर्ण भरलेला. मालक कौतुकाने दाखवत होते. मी जवळ जाऊन पाहिलं. सोमवार ते शनिवार सगळे आकडे एकाच पेनचे, एकाच हाताचे, एकाच ओघात लिहिलेले. कारणाच्या रकान्यात सहाही दिवस एकच शब्द, 'मशीन'. कुणीतरी शनिवारी संध्याकाळी बसून अख्खा आठवडा भरून टाकत होतं. सुपरवायझरला विचारलं तर त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं, "मॅडम, तुम्ही होतात तेव्हा रोज विचारायचात, हे का कमी पडलं म्हणून. नंतर कुणी विचारलंच नाही."

त्याचं काही चुकलं नव्हतं. आकड्यांवरून प्रश्न विचारणारं माणूस मीच होते, आणि मी निघून गेले होते. त्यानंतरच्या बावीस वर्षांत माझी कामाची पद्धत त्या फलकाभोवती घडत गेली. या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी ती इथे मांडते. उदाहरणाला व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना घेते, कारण तिथे बहुतेक सगळ्या अडचणी एकदमच भेटल्या.

हो म्हणण्याआधी

पहिल्या भेटीत मालक हमखास म्हणतात, "आमच्या लोकांची मानसिकता बदला." एवढ्यावर काम घेऊ नका. सोमवारी सकाळी आठ वाजता कुणाला 'मानसिकता बदल' असं सांगून काही होत नाही. उलट विचारा, सहा महिन्यांनी मी इथे येऊन उभी राहिले तर मला काय वेगळं दिसेल? व्हॉल्व्हच्या कारखान्यात या प्रश्नावर मालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ग्राहकाला दिलेली तारीख पाळली जाईल." हे हातात घेण्यासारखं काम होतं.

दुसरी मागणी आतल्या माणसाची. बदल ज्याच्या नावावर राहणार तो तिथलाच हवा, आणि त्याचा वेळ खरोखर मोकळा केलेला हवा. "अमुक जण हेही बघेल" हे उत्तर धोक्याचं. त्या माणसाकडचं कोणतं काम आजपासून दुसऱ्याकडे जाणार, हे नावानिशी ठरेपर्यंत मी करारावर सही करत नाही. इथे एका सुपरवायझरकडची हजेरी आणि ओव्हरटाइमची कागदपत्रं ऑफिसकडे गेली, तेव्हा कुठे त्याला दिवसाचे दोन तास मिळाले.

तिसरा प्रश्न अवघड जातो, पण टाळू नका: "या बदलासाठी तुम्ही स्वतः काय करायचं सोडाल?" मालकांना वाटतं, बदलायचंय ते खालच्यांनी. हे मालक रोज दुपारी शॉप फ्लोअरवर उतरायचे आणि ज्या ग्राहकाचा फोन आला असेल त्याचा जॉब, म्हणजे त्याच्या ऑर्डरचं काम, पुढे काढायला लावायचे. मशीनवर चढलेला जॉब उतरायचा, सेटिंग मोडायचं, दुसरं लागायचं. त्यांच्या मते ते अडचण सोडवत होते. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं की याबद्दल आपल्याला महिन्याभराने बोलायचंय, आणि तेव्हा तुम्ही ऐकाल असा शब्द द्या. त्यांनी दिला.

एका जॉबच्या मागे चाला

पहिले दोन आठवडे सल्ला देऊ नका. नुकताच आलेला एक जॉब निवडा आणि तो बाहेर पडेपर्यंत त्याच्या मागे चाला. अक्षरशः चाला, वही घेऊन. किती वाजता कुठे आला, किती वाजता हात लागला, किती वाजता हलला.

मी निवडलेल्या जॉबला स्टोअरपासून डिस्पॅचपर्यंत एकवीस दिवस लागले. त्यातला मशीनवरचा आणि हाताखालचा वेळ मोजला तर सहा तासांच्या आसपास. बाकी सगळं थांबणं. एका ठिकाणी तो क्रेट चार दिवस पडून होता. स्टोअरचे काका तिथून जाता-येता त्याला वळसा घालत होते. मी विचारलं, हा कशाला थांबलाय? काका म्हणाले, "गेज यायचंय." गेज म्हणजे माप तपासायचं साधन, आणि ते दोन विभागांत मिळून एकच होतं. सकाळी ते पलीकडे असायचं, दुपारी इकडे यायचं, आणि दुपारी मालक खाली उतरले की आधी त्यांचा तातडीचा जॉब तपासला जायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. कोणत्याच रिपोर्टमध्ये नव्हतं. मिटिंगमध्ये बसून मला ते कधीच कळलं नसतं.

चालून झाल्यावर एक हिशेब करा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: सरासरीने आत अडकलेल्या कामांची संख्या म्हणजे रोज बाहेर पडणारी कामं गुणिले एका कामाला लागणारे दिवस. आम्ही क्रेट मोजले. अर्धवट जॉब होते २४०, रोज पुरे व्हायचे १२. म्हणजे नवीन जॉबला सरासरी वीस दिवस लागणारच, कुणी कितीही धावपळ केली तरी. दहा दिवसांत माल हवा असेल आणि रोजचे बाराच निघणार असतील, तर आत १२० च्या वर जॉब ठेवून चालणार नाही. बँक, दवाखाना, सरकारी कचेरी, सॉफ्टवेअर बनवणारी टीम, कुठेही हा हिशेब लावून बघा. क्रेटच्या जागी फायली किंवा अर्ज येतील, एवढाच फरक.

उपाय त्यांच्या हातून निघू द्या

इथे नवखा सल्लागार घाई करतो. हिशेब समोर असतो, उपाय सुचलेला असतो, प्रेझेंटेशन तयार असतं. थांबा. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बदल नुसता सांगितला. त्यांचं उत्पादन घसरलं ते वर आलंच नाही, आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले. ज्या गटांतल्या सगळ्यांनी बदल ठरवण्यात भाग घेतला, त्यांनी थोड्याच दिवसांत जुना वेग गाठला, पुढे त्याच्याही वर सुमारे १४ टक्के गेले, आणि त्या काळात एकानेही नोकरी सोडली नाही. मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. अडीच महिन्यांनी पहिल्या गटातल्या उरलेल्या तेरा जणांना पुन्हा एकत्र आणून नवीन काम दिलं, या वेळी त्यांना ठरवण्यात सामील करून. तीच माणसं, आणि या वेळी त्यांनीही भराभर वेग पकडला. 'आमची माणसंच तशी' असं कुणी म्हणालं की मी हे तेरा जण आठवते.

मी सुपरवायझर, स्टोअरचे काका, दोन ऑपरेटर आणि डिस्पॅचची मुलगी यांना बसवलं, २४० आणि १२ हे दोन आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, काय करूया? पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "एक बाहेर गेला की एक आत घ्यायचा." कसं कळणार बाहेर गेला ते? डिस्पॅचची मुलगी म्हणाली, कार्ड करूया. मोजून १२० कार्डं. प्रत्येक जॉबवर एक. माल गेला की कार्ड सुटणार आणि स्टोअरमधल्या खिळ्यावर परत येणार. खिळ्यावर कार्ड नसेल तर स्टोअरमधून नवीन माल निघणार नाही.

हीच पद्धत मला आधीपासून माहीत होती. मी सांगितली असती तर ती माझी झाली असती, आणि माझ्याबरोबर गेली असती.

मग मालकांचा प्रश्न आला. त्यांनी मध्येच जॉब घुसवला तर? खोलीत शांतता. इथे मी मध्ये पडले, कारण हे त्यांना बोलता येणार नव्हतं आणि त्यासाठीच बाहेरचं माणूस लागतं. मालकांना त्यांचा शब्द आठवून दिला, त्यांच्या दुपारच्या फेऱ्यांची वहीतली नोंद दाखवली: दोन आठवड्यांत सतरा वेळा क्रम मोडला होता. ते ओशाळले नाहीत, चिडले. "म्हणजे माझ्या कारखान्यात मी काही सांगायचंच नाही?" दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनेच तोडगा आणला: साहेबांसाठी दोन लाल कार्डं. लाल कार्डाचा जॉब सगळ्यांच्या पुढे. पण दोन्ही आत असतील तर त्यातला एक बाहेर पडेपर्यंत तिसरा नाही. मालकांनी बराच विचार करून ती कार्डं खिशात ठेवली. माझ्या मते त्या कारखान्यातला बदल त्या क्षणी सुरू झाला.

योग्य तेच सोपं करा

लोकांना समजावून बदल सुरू होतो, पण टिकतो तो वस्तूंच्या मांडणीने. मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम प्रत्येक सल्लागाराने माहीत करून घ्यावं. रक्तवाहिनीत घातलेल्या कॅथेटरमधून, म्हणजे बारीक नळीतून, होणारा संसर्ग कमी करायचा होता. पाच साध्या गोष्टी, सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असलेल्या: हात धुणं, पूर्ण आच्छादन घेणं, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणं, शक्यतो मांडीची जागा टाळणं, गरज संपली की कॅथेटर काढणं. पण त्यांनी नुसती यादी भिंतीला लावली नाही. लागणारं सगळं साहित्य एका गाडीवर एकत्र ठेवलं. पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवायचा अधिकार नर्सना दिला. संसर्गाचे आकडे दर महिन्याला त्या त्या विभागाला परत कळवले. हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस कॅथेटर असणं म्हणजे एक कॅथेटर-दिवस) सरासरी ७.७ असलेला दर दीड वर्षात दीडच्या खाली आला, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात तीन वर्षांनंतरही तो १.१ होता.

आमच्याकडे गाडीचं काम दुसऱ्या गेजने केलं. कार्डाच्या पद्धतीत ते नसतं तर तपासणीपाशी पुन्हा क्रेट साचले असते, आणि दोष कार्डांवर आला असता. खिळासुद्धा मुद्दाम स्टोअरच्या खिडकीशेजारी ठोकला. माल द्यायला हात पुढे केला की नजर आपोआप तिथे जाते. तुम्ही नवीन रीत आणाल तिथे हेच बघा: ती पाळायला माणसाला किती पावलं जादा चालावं लागतं, किती किल्ल्या मागाव्या लागतात, किती रकाने भरावे लागतात. जादा पावलं असतील तर महिनाअखेरीला ती गळणार.

सॉफ्टवेअर घ्यायचं का, असं लगेच विचारलं जातं. सहा महिने कार्डं हाताने फिरू द्या. कार्डाचा आकडा कमी करायचा तर दहा कार्डं ड्रॉवरमध्ये टाकली की झालं. सॉफ्टवेअरमध्ये तेवढ्यासाठी बाहेरून माणूस बोलवावा लागतो.

बक्षीस कशाचं मिळतं तेही बघा. या कारखान्यात खरेदीवाल्याचं कौतुक स्वस्त दराचं व्हायचं, म्हणून तो तीन महिन्यांचा माल एकदम आणायचा. सेल्सला ऑर्डरच्या रकमेवर इन्सेंटिव्ह होता, म्हणून ते न जमणाऱ्या तारखा देत होते. या दोघांचा हिशेब तसाच ठेवला असता तर कार्डांनी काहीही झालं नसतं. सेल्सच्या इन्सेंटिव्हचा अर्धा भाग दिलेल्या तारखेला गेलेल्या मालाशी जोडायला आम्हाला चार महिने लागले, आणि संपूर्ण कामातलं ते सर्वांत त्रासाचं काम होतं. वेळापत्रकात त्याला जागा ठेवा.

स्वतःला बाजूला करा

रोज सकाळी दहा मिनिटं, खिळ्यासमोर उभं राहून मिटिंग. प्रश्न तीनच: किती कार्डं आत आहेत, कोणता जॉब कालपासून हलला नाही, तो आज कोण हलवणार. पहिले तीन आठवडे ही मिटिंग मी घेतली. पुढचे तीन आठवडे सुपरवायझरने घेतली, मी शेजारी उभी. त्यातला पहिला दिवस मला अजून आठवतो. एक जॉब दोन दिवस हलला नव्हता आणि सुपरवायझर त्याबद्दल न विचारताच पुढच्या जॉबवर गेला. माझ्या ओठांवर आलं होतं, पण बोलले नाही. मिटिंग संपली. जिने चढताना त्याला विचारलं, कुठला सुटला असं वाटतं? त्याने खिशातून वही काढली, पाहिलं, आणि तसाच खाली परत गेला. मी मिटिंगमध्ये बोलले असते तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे बघूनच मिटिंग केली असती. त्यानंतरचे तीन आठवडे मी त्या वेळी इमारतीतच नसायचे.

जाण्याआधी एक महिनाअखेर मी मुद्दाम बाहेर राहून जाऊ देते. आधी सगळ्यांना बसवून एकच गोष्ट ठरवून घेते: कितीही ताण आला तरी कोणता नियम मोडायचा नाही? एकच. आम्ही ठरवला, कार्डाशिवाय माल निघणार नाही. बाकी मिटिंग उशिरा झाली, फळा पुसायचा राहिला, चालेल. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी नियम दोनदा मोडला. तो का मोडला हे मी नाही, मालकांनी विचारलं, आणि विचारताना आवाज चढवला नाही, कारण त्यातला एक जॉब त्यांचाच तिसरा लाल जॉब होता.

कर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये बदलाची तीन टप्प्यांची मांडणी केली: गोठलेलं वितळवा, हलवा, पुन्हा गोठवा. बहुतेक करार दुसऱ्या टप्प्यावर संपतात. तुमच्या करारात तिसरा टप्पा लिहूनच घ्या: तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात एकेक दिवसाची भेट, आणि फीचा एक भाग सहाव्या महिन्यानंतर. ग्राहकाला हे आवडतं, पण खरा उपयोग तुम्हाला होतो. टिकणार नाही असं काही बसवायचा मोह आपोआप कमी होतो.

पुढच्या माणसांना शिकवणारं माणूसही आतलंच हवं. विल्यम एडवर्ड्स डेमिंग १९५० मध्ये जपानला गेले ते तिथल्या शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघाच्या बोलावण्यावरून, आठ दिवसांचा अभ्यासक्रम घ्यायला. ते परत गेले, संघ तिथेच राहिला. त्याने १९५१ मध्ये दर्जासाठीचं पारितोषिक सुरू केलं, प्रशिक्षणं चालू ठेवली, आणि १९६२ पासून कामगारांची गुणवत्ता मंडळं उभी केली. तुमच्या छोट्या कामातही हेच विचारा: नवीन माणूस आला तर कार्डाची पद्धत त्याला कोण शिकवणार, आणि पहिल्या दिवशी की 'सवडीने'? व्हॉल्व्हच्या कारखान्यात हे काकांनी घेतलं. ते निवृत्तीला आले होते, म्हणून मी त्यांना विनंती केली की दोघांना तयार करा.

वर्षभराने त्या बाजूला गेले होते तेव्हा आत डोकावले. महिन्याची तीस तारीख. काका निवृत्त झाले होते, खिडकीत एक नवीन मुलगा होता. खिळ्याजवळ आता एक छोटी पट्टी लागली होती, जे जॉब बाहेरून प्लेटिंग होऊन यायचे त्यांच्यासाठी वेगळी निळी कार्डं. ती मी कधी सुचवली नव्हती. मिटिंगचा तिसरा प्रश्न त्यांनी बदलला होता. लाल कार्ड एकच दिसत होतं. नीट बघावं म्हणून मी खिडकीतल्या ट्रेला हात लावला, तर मुलगा पटकन म्हणाला, "मॅडम, कार्ड आहे का? कार्डाशिवाय मिळणार नाही."